एका खोकल्यापुरतं

मेहकरे सरांनी जन्मात कधी यादी केली नाही आणि मी यादीशिवाय कधी उंबरठा ओलांडला नाही. तरीही भालकीच्या शाळेत आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बरीच वर्षं सुखानं बसलो. मी गणित शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रकही माझ्याकडंच असायचं. ते चित्रकला शिकवायचे. पोरं त्यांना ‘रेघमास्तर’ म्हणत आणि ते मला ‘यादीअक्का’ म्हणत. वयानं ते माझ्याहून थोरले, पण आमच्या भागात बाईमाणसाला मान द्यायचा तर अक्काच म्हणतात, आणि मान देता देता चिमटा काढायचा असेल तर पुढं काहीतरी जोडतात.

गाव मेहकर, म्हणून मेहकरे. नाव वैजनाथ. अंगानं सडपातळ, डाव्या बाजूला जरा कललेले, डोक्यावर काळी टोपी आणि सदऱ्याचा खिसा खडूनं कायमचा पांढरा. मी उदगीरहून लग्न होऊन आले आणि शाळेत रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझ्याकडं एकवार बघितलं आणि गच्च डोळे मिटले. उघडेचनात. मला वाटलं, भोवळ आली. मी धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. त्यांनी ते डोळे मिटूनच प्यायलं, तांब्या परत दिला, मग डोळे उघडले आणि विचारलं, “पाणी कामून आणलाव?” मी काही बोलायच्या आत म्हणाले, “तुमची रेघ ठरंना.” आणि तासाला निघून गेले.

दाराशी उभा असलेला इस्माईल शिपाई म्हणाला, “घबराओ नक्को बाई. सबको ऐसाच देखते.”

त्यांचं म्हणणं असं की माणूस एखादी गोष्ट बघतो तेव्हा डोळ्यात सगळं मावतं, पण डोळे मिटले की मनाच्या हातात त्यातलं फारच थोडं उरतं. बाकीचं वाटेत सांडतं. जे उरतं ते चित्र नसतं, चित्राची रेघ असते: उभी, आडवी, तिरपी, जेवढी पुढच्या कामाला लागणार तेवढी. त्यामुळं शाळेतल्या प्रत्येक माणसाची एकेक रेघ त्यांनी ठरवून ठेवली होती. हेडमास्तर गुंडेराव मागं रेललेले. इस्माईल विळ्यासारखा. स्वतः डावीकडं. माझी तेवढी कधीच ठरली नाही. मी विचारलं की म्हणायचे, “तुमी एका जागी उभ्या ऱ्हायला तर ठरंल की. सारख्या कायतरी मोजायलाव.”

शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी होती. उन्हात ती भाकरीच्या तव्यासारखी तापायची. सर वर्ग तिथं घेत. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर बैल काढत, शिंगापासून शेपटीपर्यंत, हात न उचलता. पोरं भोवती उकिडवी बसलेली. शेपूट पुरी होईपर्यंत शिंगं वाळून गेलेली असत. मग पोरांनी उठायचं, वर्गात जायचं, पाटीवर बैल काढायचा. रबर वापरायची बंदी. एखादा पोरगा पुन्हा फरशी बघायला आला तर सर त्याला कोरडी फरशी दाखवायचे आणि म्हणायचे, “घे, बघ किती बघतोस ते.”

पावसाळ्यात फरशी वाळत नसे, तेव्हा दुसरी तऱ्हा. टेबलावर एखादी वस्तू टॉवेलखाली झाकून ठेवायची. सरांनी टॉवेल उचलायचा, एकदा खोकायचं आणि झाकायचं. तेवढंच बघायचं. मग डोळे मिटायचे आणि सर “हां” म्हणेपर्यंत ते ‘धरून’ ठेवायचं. एका खोकल्यापुरतं बघितलेलं दुसरा खोकला येईपर्यंत टिकलं तर पोरगा पास. त्या वर्गातली सगळी पोरं पुढं आयुष्यभर कोणी खोकलं की दचकून इकडंतिकडं बघत असणार, अशी माझी खात्री आहे.

एकदा त्यांनी गळका लोटा झाकला होता. निम्म्या पोरांना सांगितलं की याचं चित्र काढायचंय. निम्म्यांना सांगितलं की यातून पाणी आणायचंय. खोकले, झाकलं. मग सगळ्यांनाच लोट्याबद्दल विचारलं. चित्रवाल्यांना गळ्याचा बाक आठवत होता, भोक कोणालाच नाही. पाणीवाल्यांना भोकाशिवाय काही आठवत नव्हतं. सर इतके खूश झाले की मधल्या सुट्टीत मला हात धुवू देईनात. “लोटा एकच अक्का, खोकला एकच. पुढं काम काय पडनार, तसं मन उचलतं. ध्यानात आलं का?” मला ध्यानात आलं. माझी यादी तेच काम करते आणि वर गळत नाही, असंही मी म्हणाले. ते त्यांना आवडलं नाही.

हेडमास्तर गुंडेरावांना चित्रकलेचे हे आठवड्यातले चार तास डोळ्यात खुपत. गुंडेराव निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, वाघासारखे दिसणारे आणि वाघाइतकंच कमी हसणारे. मॅट्रिकचा गणिताचा निकाल पडलेला, आणि चार तास पोरं उन्हात बसून पाण्याचा बैल वाळताना बघतात. हे तास काढून गणिताला द्यावेत, असं ते दर वर्षी जूनमध्ये बोलत आणि बोलताना माझ्याकडं बघत. सरांचा जीव त्या चार तासांत होता. पगार काय, ते हजेरी आणि भूगोल घेऊनही मिळालाच असता. पण तास गेले तर फरशी गेली, आणि फरशी गेली तर मेहकरे सर राहून काय करणार होते, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

दुर्दैवानं गुंडेरावांना पुरावा पुरवण्याचं काम सर स्वतःच करत.

पहिलं म्हणजे नालीचं प्रकरण. रस्ता बघून डोळे मिटले तर तो मनात कुठवर टिकतो, हे सरांना बघायचं होतं. म्हणून शाळेतून घरी जाताना ते एकदा समोर नीट बघत, डोळे मिटत आणि चालू लागत. सायकलवाल्यांना ते माहीत झालं होतं, म्हशींना नव्हतं. एक दिवस मी मागून येत होते. कापड दुकानाच्या वळणावर सर वळलेच नाहीत. रस्ता वळला, ते सरळ गेले आणि नालीत उतरले. मी धावले. कमरेपर्यंत चिखलात उभं राहून, टोपी एका हातानं वर धरून ते शांतपणे म्हणाले, “अक्का, हितवर होता.”

दुसऱ्या दिवशी गुंडेरावांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं की चित्रकलेच्या मास्तरला समोरची नाली दिसत नसेल तर तो पोरांना काय दाखवणार. सर म्हणाले, “साहेब, नाली दिसली होती. वळणाच्या आधी दिसली होती. वळल्यावर कुठं जाते ते मनाला ठाव नव्हतं.” हे उत्तर त्यांच्या बाजूचं होतं की विरुद्ध, हे ठरवायला सगळ्यांना वेळ लागला.

दुसरं प्रकरण त्यांच्या घरचं, पण ते गावभर झालं. त्यांची बायको गंगाबाई तोंडाच्या तिखट आणि मनाच्या गोड. त्यांना वांगी रंगाच्या, तिरप्या पट्ट्यांच्या लुगड्यावर खण हवा होता. त्यांनी पदराचं सूत काढून दिलं, म्हणाल्या नमुना न्या. सरांनी सूत घेतलं नाही. लुगडं बघितलं, डोळे मिटले, म्हणाले, “धरलंय,” आणि बाजारात गेले. वाटेत पेरूची हातगाडी आडवी आली. ओळखीचा माणूस, त्यानं पेरू कापून हातावर दिला. सर पेरू खाऊन दुकानात गेले आणि पोपटी खण घेऊन आले.

गंगाबाईंनी तो उलगडला, उजेडाला धरला आणि म्हणाल्या, “आवं, वांगं कुठंय ह्यात?”

“रंग पेरूनं नेला,” सर म्हणाले. “पण पट्टे बघ. पट्ट्याचा तिरपेपना बघ. सुताएवढा तरी चुकला का?”

गंगाबाईंनी पट्टे लुगड्याला लावून बघितले. पट्टे तंतोतंत होते. त्यांनी त्याच खणाची चोळी शिवली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वांगी लुगड्यावर पोपटी चोळी घालून आल्या. बायका गालात हसू लागल्या तर म्हणाल्या, “हसा की. आमच्या मालकांच्या डोळ्यातला रंग हाय ह्यो. दुकानात मिळत न्हाई.”

तिसरं प्रकरण मात्र पोलिसात गेलं. शाळेची पितळी घंटा चोरीला गेली. भर दुपारी एक माणूस ती काखोटीला मारून फाटकातून जाताना सरांनी बघितला होता. समोरून, पुरा चेहरा. सरांना वाटलं दुरुस्तीला नेतोय, म्हणून त्यांनी सवयीनं बघितलं, डोळे मिटले आणि आत गेले. जमादार आला. नाक कसं, रंग कसा, मिशी होती का, असं विचारू लागला. सरांनी बराच वेळ डोळे मिटून ठेवले, मग खडू काढून भिंतीवर एक तिरपी रेघ ओढली.

जमादार रेघेकडं बघत राहिला. “मास्तर,” तो म्हणाला, “ये आदमी है के लाठी?”

तरी बिचाऱ्यानं संशयावरून पाच जण धरून आणले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभे केले. सरांनी एकेकाकडं बघितलं. सगळे उभे, सगळे सरळ. सर म्हणाले, असं ओळखता येणार नाही, घंटा घेतल्यावर माणूस कसा दिसतो ते बघायला हवं, यांच्या हातात काहीतरी वजन द्या. इस्माईलनं पाण्यानं भरलेली बादली आणली. पहिल्यानं उचलली. सर म्हणाले, “ह्योच.” दुसऱ्यानं उचलली. सर जरा थांबले आणि म्हणाले, “ह्यो बी.” पाचव्यापर्यंत जाता जाता त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पाचही जण बादली घेऊन तस्सेच कलत होते. जमादारानं वैतागून बादली स्वतः उचलली आणि बाजूला ठेवायला निघाला.

“साहेब,” सर हळूच म्हणाले, “तुमी बी.”

घंटा पुढं वर्षभरानं जवळच्या एका गावात देवळात टांगलेली सापडली. कोणीतरी नवस फेडला होता. देवाकडून परत मागायची कोणाची छाती झाली नाही. तेव्हापासून आमच्या शाळेत रुळाचा तुकडा वाजतो. तो दर तासाला वाजला की गुंडेराव मेहकरे सरांकडं बघायचे.

मग तपासणी आली. गुलबर्ग्याकडचे साहेब होते, घरी कानडी बोलणारे, पण मराठी शाळा बघून बघून मराठी चांगली झालेली. श्रावण चालू होता. साहेब चातुर्मास पाळणारे, म्हणून जेवणात कांदा-लसूण औषधालाही दिसता कामा नये, असा हुकूम गुंडेरावांनी आठवडाभर आधी काढला आणि रोज उगाळला. जेवणाची व्यवस्था माझ्याकडं होती. मी यादी केली, त्यात पहिल्या ओळीत ‘कांदा नाही’ असं लिहिलं आणि सगळं घरून करून आणलं. हेडमास्तरांच्या खोलीत टेबलावर साहेबांचं ताट वाढलं, आणि माशा फार म्हणून इस्माईलनं त्यावर धुतलेला टॉवेल झाकला.

जेवणाच्या आधी गुंडेरावांनी तासांचा विषय काढला. गणिताला वेळ पुरत नाही, हे खरं का, असं साहेबांनी मला विचारलं. मी खरं म्हणाले. खोटं कशी बोलू? सरांनी माझ्याकडं बघितलं. डोळे मिटले नाहीत, नुसतं बघितलं. मग ते उठून उभे राहिले. एरवी बोलताना पाणी, पेरू, म्हैस असं काहीही मधे यायचं, पण त्या दिवशी ते सरळ बोलले.

“साहेब, मी चित्र काढाया शिकवत न्हाई. पोरगं फळ्याकडं बघतं, मग मान खाली घालतं आन् वहीत लिहितं. फळा ते वही, अंतर किती? वीतभर मान हालते. तेवढ्यात पोरं आकडा सांडतात. मी ती वीतभर वाट शिकवतो. अक्कांना विचारा.”

मला विचारलं गेलं. मी म्हणाले, हेही खरं आहे. फळ्यावरचा सत्तावीस अर्ध्या वर्गाच्या वहीत बहात्तर होऊन उतरतो आणि तिथून पुढं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.

गुंडेराव म्हणाले, ज्याच्या डोक्यात कॅमेरा नाही त्याचं असं होणारच. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात होता. निजामाच्या काळात ते पान एकदा बघून किताब म्हणून दाखवायचे. साहेबांना भूक लागली होती, पण साहेबांना गंमतही आवडत असावी. त्यांनी झाकलेल्या ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, “मग बघूच या की. कॅमेरा आणि रेघ.”

अशा रीतीनं मेहकरे सरांचे चार तास माझ्या भाकरी-पिठल्यावर येऊन ठेपले. किती वेळ बघायचं, याचा वाद झाला. सरांचा खोकला मान्य करायला गुंडेराव तयार नव्हते, कारण सर मुद्दाम लांबवतील. शेवटी इस्माईलचा खोकला ठरला. इस्माईल विडी ओढणारा, त्याचा खोकला भरगच्च आणि निःपक्षपाती. त्यानं टॉवेल उचलला, खोकला आणि झाकला. सगळ्यांनीच बघितलं, साहेबांनी पण.

आधी गुंडेराव. मागं रेलून, छताकडं बघत त्यांनी खडाखडा सांगितलं: ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाची फोड, ताकाचा गडू आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. सांगताना त्यांनी बुक्की मारूनही दाखवली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी खाली बघितलं. इस्माईलनं बाहेर बघितलं.

मग सर. त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच फळ्यावर खडू टेकवला. एक मोठा गोल. त्यात दोन छोटे. कडेला एक बुटकी उभी रेघ. आणि भाकरीच्या डाव्या अंगाला एक तिरपी, जोरात ओढलेली.

“हे काय?” साहेबांनी तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

“ते ठाव न्हाई साहेब.”

“पदार्थ कोणता?”

“पदार्थ गेला. पन हितं तिरपं कायतरी हाय. शेंडी वर.”

टॉवेल उचलला. गुंडेराव वाकून ताटात कांदा शोधू लागले. इतक्या मनापासून शोधत होते की मला त्यांची दया आली. “हितं होता,” ते म्हणाले. “मी बघितलाय.” इस्माईल अदबीनं म्हणाला, “साब, आपनेच मना करे थे.” गुंडेरावांना ते आठवलं असावं, कारण ते एकदम सरळ झाले. भाकरी-पिठल्याशेजारी जन्मभर कांदा बघितलेला माणूस. डोक्यातल्या कॅमेऱ्यानं आपणहून एक ठेवून दिला होता.

पण दुसऱ्याच क्षणी ते गरजले, “मग ह्यांचं तिरपं कुठाय?”

खरंच नव्हतं. भाकरीच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. सर ताटाकडं बघत राहिले. त्यांचा पांढऱ्या खिशाचा सदरा घामानं अंगाला चिकटला. “होतं,” एवढंच म्हणाले. नालीत उभे होते तेव्हाही त्यांचं तोंड एवढं उतरलं नव्हतं. ताटात तिथं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, मीच वाढलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी हसून हसून आलेला घाम पुसायला इस्माईलच्या हातातला टॉवेल घेतला आणि तोंडावरून खसाखसा फिरवला.

तळलेली मिरची तेलानं टॉवेलला चिकटून वर गेली होती.

“अय्यो,” साहेब म्हणाले, आणि मग कानडीत बरंच काही म्हणाले, ते मी लिहीत नाही. सगळे धावले. त्यांना धरून व्हरांड्यात आणलं, शहाबादी फरशीवर बसवलं. इस्माईल डोळ्यांवर पाणी मारतोय, गुंडेराव स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं वारा घालताहेत, मी ताकाचा गडू घेऊन उभी. आणि मेहकरे सर साहेबांच्या समोर उकिडवे बसले, पोरांच्या समोर बसायचे तसे. मला वाटलं, माफी मागतील.

“साहेब,” ते म्हणाले, “आता डोळे मिटलेतच, तर काय दिसायलंय?”

गुंडेरावांनी वारा घालायचं थांबवलं.

“मिरची,” साहेब म्हणाले.

“उभी का आडवी?”

साहेबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी मिटलेले डोळे आणखी गच्च मिटले. खरोखर बघत होते.

“तिरपी.”

“शेंडी?”

“वर,” साहेब म्हणाले, आणि डोळे मिटलेले असतानाच हसू लागले. मग सगळेच हसले. गुंडेराव शेवटी हसले, पण हसले.

साहेबांनी जाताना शेरा लिहिला: दोन तास गणिताला द्यावेत, दोन चित्रकलेकडं राहावेत. सर मला म्हणाले, “अर्धी रेघ राह्यली, अक्का.” संध्याकाळभर ते फरशीवर एकटेच बसून होते. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले की ते दोन तास जेवणाच्या सुट्टीआधी टाका, भुकेल्या पोराला नीट दिसतं. मी टाकले. पुढं प्रत्येक जूनला वेळापत्रक करताना मी आधी ते दोन तास भरायची, मग बाकीची शाळा त्यांच्याभोवती बसवायची.

मैसूरचं कर्नाटक झालं, गुंडेराव निवृत्त झाले, मग सर झाले. निरोपसमारंभात लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. नालीबद्दल तर फारच चांगलं बोलले. सर उत्तराला उठले आणि त्यांनी एकच विचारलं: त्या दोन तासांचं काय करणार? नवीन हेडमास्तरांनी पाहू म्हणून हार पुढं केला. चित्रकलेचा नवा मास्तर आला नाही. सर गंगाबाईंना घेऊन गाणगापूरला मुलाकडं गेले. मुलाचं तिथं प्रसादाचं दुकान आणि यात्रेकरूंसाठी दोन खोल्या.

दोनेक वर्षांनी आम्ही उभयता दत्ताच्या दर्शनाला गेलो. आमचे हे पोस्टात, तोंडानं कमी बोलणारे आणि माझ्या यादीबाहेर न जाणारे. दर्शन झालं, प्रसाद झाला, यादीतलं पुढचं नाव मेहकरे सरांचं. दुकान सापडलं. बाहेर, शहाबादी फरशीच्या ओट्यावर सर बसले होते, शेजारी तांब्या. टोपी तीच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणूस माणसासारखा दिसत नव्हता त्यांना, सावलीसारखा दिसायचा. मी हाक मारायच्या आधीच, मी रस्ता ओलांडत असताना, त्यांनी मान वर केली.

“यादीअक्का, व्हय?”

मी म्हणाले, तुम्हाला तर दिसत नाही. ते म्हणाले, “तेवढं दिसायलंय.”

गंगाबाईंनी चहा आणला. अंगात पोपटी चोळी नव्हती, पण तिचा विषय निघालाच. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर सर म्हणाले, घाई काय आहे, जेवढं लागतं तेवढं दिसतंय. मग कप खाली ठेवून त्यांनी तेच विचारलं, जे निरोपाच्या दिवशी विचारलं होतं. त्या दोन तासांचं काय झालं?

मी सांगितलं. वेळापत्रक अजून माझ्याकडंच होतं. दोन तास मी काढले नव्हते, जेवणाआधीच होते. पण मास्तर नाही, म्हणून मीच घेत होते.

सरांनी मान माझ्याकडं वळवली. “तुमाला चित्र येतं?”

“नाही. बैल काढते, तर पोरं म्हणतात शेळी आहे.”

“मग काय करायलाव?”

“पाणी घेते, बोटानं काढते, वाळू देते. मग डोळे मिटायला लावते. पाऊस असला की खोकते.”

सरांनी ताडकन मान फिरवून गंगाबाईंकडं बघितलं, म्हणजे गंगाबाई होत्या त्या बाजूला. “ऐकलीस का? अक्का खोकायली म्हन.” आणि हसता हसता त्यांनाच खोकला आला, आणि माझ्या नकळत मी समोरच्या सगळ्याकडं एकदा नीट बघून घेतलं.

बसची वेळ झाली. मी उठले. आमचे हे पिशव्या घेऊन ओट्याखाली उतरले. सर म्हणाले, “थांबा. तुमची रेघ ठरली.”

मी जागच्या जागी थांबले. एवढ्या वर्षांनी. त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर टेकवलं. माझा चष्मा पिशवीत. पिशवी यांच्या हातात. मी पिशवी ओढून घेतली, चष्मा यादीप्रमाणं उजव्या कप्प्यात असायचा, तिथं नव्हता, तिथं अंगारा होता. डावीकडं केळी. चष्मा केळ्यांच्या खाली निघाला. मी तो पुसून डोळ्यांवर लावला आणि वाकून बघितलं. गाणगापूरचं दुपारचं ऊन. फरशी कोरडी ठणठणीत.

“दिसली का?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मग पुन्ना या.”

मी म्हणाले, आत्ताच परत काढा की. त्यांनी तांब्या पलीकडं सरकवला. रबर नाही, दुसऱ्यांदा फरशी नाही, हा नियम त्यांनी पोरांसाठी कधी मोडला नव्हता, माझ्यासाठी कशाला मोडतील?

पुन्हा जाणं झालं नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत गाणगापूर होतं, त्याच्या पुढं ‘चष्मा डोळ्यावर’ असंही लिहिलं होतं. पण सरच त्याच्या आधी गेले.

मात्र त्या दिवशी स्टँडला जायच्या टांग्यात बसल्यावर आमचे हे सहज म्हणाले की मी पाहिली ती रेघ, मी शेजारीच उभा होतो. मी त्यांचा हात धरला. “कशी होती?”

“अशी,” ते म्हणाले आणि हवेत बोट उभं ओढलं. मग थांबले. “नाही. अशी.” या वेळी बोट जरा तिरपं गेलं, पुढं झुकलेलं. “का अशी? अगं, मधे ती पेढ्याची पाटी लागली ना.”

मी मागं वळून बघितलं. ओट्यावर सर उभे होते. टांगा जिकडं गेला असं त्यांना वाटत होतं त्या बाजूला तोंड करून, दुसऱ्याच एका टांग्याला हात हलवत होते. मी डोळे मिटले. टोपी गेली, तांब्या गेला, दुकान गेलं. डावीकडं कललेली एक रेघ उरली. स्टँड येईपर्यंत मी यांना एक शब्द बोलू दिला नाही.